सीमाभागात मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंत, तर पहिलं वर्ष कसं काढायचं

थोरली आता तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. थोरलीला तिसरीनंतर शाळेतून काढलं, धाकट्याला घातलंच नाही. घर बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या वाटेवरच्या एका गावात. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, सासरे शेतात, सासूबाई घरात, आणि मी शिवणकाम करत करत मुलांना शिकवते. हे आधी सांगते, कारण होमस्कूलिंग म्हटलं की लोकांना पुण्या-बंगळुरूतलं, दोघंही इंजिनिअर असलेलं घर डोळ्यासमोर येतं. आमचं तसं नाही. मी बारावी झालेली आहे आणि मशीन माझ्या पोटापाण्याचं आहे.

निपाणी, खानापूर, शहापूर, वडगाव अशा ठिकाणांहून आयाबाया फोन करतात. तीन प्रश्न ठरलेले असतात: कायद्यात बसतं का, कन्नडचं काय करायचं आणि दहावी कुठून द्यायची. तिन्हींची उत्तरं खाली देते. पण चौथा प्रश्न, जो कुणी विचारत नाही, तोच खरा अवघड आहे. मूल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात असणार, त्या दिवसाचं काय करणार? पहिलं वर्ष सगळं त्यातच जातं.

सगळ्यात आधी कागद

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. पण घातलं नाही म्हणून पालकाला दंड किंवा शिक्षा असं त्यात काही नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही कुठं नाही. म्हणजे परवानगीचा कागद कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तसा कागद कुणी पैसे घेऊन देतो म्हणाला, तर देऊ नका. नवरा-बायको दोघांनी बसून हे नीट समजून घ्या, आणि दोघांचं एकमत असेल तरच पुढं जा. एकाच्या हौसेवर हे चालत नाही.

त्याच कायद्याचं चौथं कलम मात्र आपल्याला धीर देणारं आहे. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असं ते सांगतं. चौदा वर्षांच्या आत परतीची वाट उघडी आहे, हे डोक्यात पक्कं असलं की रात्री झोप लागते.

आता फाइल करा. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, टीसी, शेवटची गुणपत्रिका, जातीचा दाखला असेल तर तो. टीसीसाठी आम्हाला चार हेलपाटे घालावे लागले, तेव्हा शाळा सोडायच्या आधीच अर्ज देऊन पोच घ्या. आणि आपल्या भागात एक गोष्ट हमखास चुकलेली असते ती म्हणजे नाव. जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये एक, इंग्रजीत दुसरं, आधारवर तिसरं. थोरलीच्या जन्मदाखल्यावर आडनावातला 'ळ' इंग्रजीत एका अक्षरानं लिहिला होता आणि आधारवर दोन अक्षरांनी. दहावीच्या फॉर्मच्या वेळी हे निस्तरायला गेलात तर महिने जातात. मूल आठ-नऊ वर्षांचं असतानाच सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या.

शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला शिक्षक किंवा पंचायतीची माणसं दारात येतात. घाबरू नका आणि भांडूही नका, ती त्यांचं काम करत असतात. बसायला द्या, चहा ठेवा, मुलांच्या वह्या पुढं करा, आणि काय शिकवता, दहावी कुठून देणार ते सरळ सांगा. आमच्याकडं आलेल्या बाईंनी धाकट्याला पुस्तक वाचायला लावलं, पंधराचा पाढा म्हणायला लावला, नाव लिहून घेतलं आणि गेल्या.

पहिले दोन महिने पाटी-पुस्तक बाजूला

शाळेतून काढलेल्या मुलाला लगेच शिकवायला बसू नका. मी बसवलं होतं. हॉलमध्ये फळा टांगला, चाळीस मिनिटांचे तास पाडले, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. पंधराव्या दिवशी थोरली म्हणाली, "आई, शाळेत निदान मधल्या सुट्टीत मैत्रिणी होत्या." तेव्हा तो फळा काढून गोठ्याच्या भिंतीला लावला, आता तिथं दुधाचा हिशोब लिहितात.

दोन महिने मुलाला झोपू द्या, हुंदडू द्या, कंटाळू द्या. तुम्ही फक्त बघा. कशात तासभर रमतंय, कधी चिडतंय, सकाळी तरतरीत असतंय की संध्याकाळी. एका वहीत दोन ओळी रोज लिहून ठेवा. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक त्या ओळींतून निघतं. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला ही विश्रांती लागत नाही.

दिवस घरच्या कामाभोवती बांधा

आमच्याकडं दिवस असा असतो. साडेसहाला उठणं, गोठ्यात आजोबांच्या हाताखाली अर्धा तास, अंघोळ, न्याहारी. साडेआठ ते साडेदहा बैठक, ही दोन तासांची बैठक मोडायची नाही, पाहुणे आले तरी नाही. मग मी मशीनवर आणि मुलं आपापल्या कामात. दुपारी जेवण, वामकुक्षी, वाचन. पाचला गावातली शाळेतली मुलं सुटतात, तेव्हापासून दिवे लागेपर्यंत आमची दोघं त्यांच्यात असतात. अभ्यासाला बसून घालवलेला वेळ एवढाच, दोन तास. दहा वर्षांखालच्या मुलाला यापेक्षा जास्त लागत नाही, कारण समोर चाळीस मुलं नसतात.

बाकीचा दिवस मोकळा आहे असं दिसतं, पण शिकणं तिथंच होतं. त्याला एकच अट आहे: मुलाला दिलेलं काम खरं पाहिजे. खोटंखोटं दुकान मांडून हिशोब शिकवू नका, खऱ्या दुकानात खरे पैसे देऊन पाठवा.

माझं काम शिवणाचं, म्हणून आमच्याकडं अपूर्णांक टेपवर शिकले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत. जुनी माणसं पावकी, निमकी, दिडकी पाठ म्हणायची, ती सासऱ्यांना अजून येते. थोरली दहा वर्षांची असताना शेजारच्या बाळाचं झबलं तिला बेतायला दिलं. छाती वीस इंच. त्याचा चौथा भाग पाच, त्यात लूज एक इंच, शिलाईची माया अर्धा इंच, म्हणजे साडेसहा. तिनं पहिल्यांदा माया धरलीच नाही. कापलं, टाचलं, शिवलं, आणि बाळाच्या अंगात चढेना. मी काही बोलले नाही. तिनं झबलं उलटं करून शिवण बघितली, टेप लावला, आणि म्हणाली, "चार भागात अर्धा-अर्धा गेला, म्हणजे दोन इंच कुठं गेले ते कळलं." चारदा अर्धा म्हणजे दोन, हे तिला त्या दिवसापासून कुणी सांगावं लागलं नाही.

तुमच्या घरात मशीन नसेल, दुसरं काही असेल. निपाणीकडं तंबाखूचं शेत असेल, वडगाव-शहापुरात माग असेल, खानापुरात कौलं आणि मातीकाम असेल. मागावर ताणा-बाणा मोजतात, भट्टीत किती माल एका वेळी बसतो याचा अंदाज घेतात, सगळीकडं गणित आहे. घरात जे चालतं तिथून सुरू करा.

स्वयंपाकघराचंही तसंच. आंबोळीचं पीठ मे महिन्यात रात्री भिजवलं तर सकाळी भांड्याबाहेर येतं. आषाढात तेच पीठ दुपारपर्यंत ढिम्म हलत नाही, कारण आपल्याकडं पावसाळ्यात गारवा फार. थोरलीनं दोन वर्षं पीठ भिजवल्याची आणि फुगल्याची वेळ लिहिली. एकदा तिनं एक भांडं चुलीच्या उबेला आणि एक खिडकीत ठेवून बघितलं. जिवाणू, तापमान, आंबणं हे शब्द पुस्तकात भेटायच्या आधी तिला ती गोष्ट माहीत होती.

पावसाची बरणी

आपल्या भागातल्या प्रत्येक घरानं ही एक गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं, कारण पाऊस आपल्याला भरपूर आहे आणि खर्च काहीच नाही.

तळापासून तोंडापर्यंत सरळ भिंतींची काचेची बरणी घ्या, मान निमुळती नको. बाहेरून पट्टी चिकटवा, पट्टीचा शून्य आतल्या तळाच्या रेषेत आला पाहिजे. अंगणात झाडापासून आणि वळचणीपासून लांब, विटांमध्ये रोवून ठेवा म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि ओता. हवामान खातंही साडेआठलाच पाऊस मोजतं, त्यामुळं पेपरातल्या आकड्याशी आपला ताडून बघता येतो. आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा.

पुढं मजा येते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या न्हाणीवरची कौलं मोजली तर बारा चौरस मीटर भरली. एका रात्री बरणीत तीस मिलिमीटर आलं. धाकट्यानं बोटं मोडून ३६० लिटर काढलं आणि पन्हळीखालचं २०० लिटरचं पिंप बघायला पळाला. पिंप भरून वाहत होतं. "वाहून गेलं ते १६०," तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून, "पण थोडं कौलांनी पिलं असणार." ते मी त्याला शिकवलं नव्हतं.

तीन भाषा

इथं जरा थांबून वाचा, कारण सीमाभागातल्या आईला बाहेरची पुस्तकं यात काही मदत करत नाहीत.

घरात मराठी. तीही पुस्तकातली नाही. आमच्याकडं "काय करूलास गा?" असंच बोलतात आणि बोलावंच. मुलाच्या बोलण्यातला एकही शब्द चुकीचा म्हणून दुरुस्त करू नका. मी एक वही ठेवली आहे, डावीकडच्या पानावर घरचा शब्द, उजवीकडं पुस्तकातला. मुलाला दोन्ही येतात, आणि कुठलं कुठं वापरायचं हे आपोआप कळतं. वाचायला सोपं, गोष्टीचं, भरपूर द्या. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, तिथं मुलांना न्या. तिथं शेतातून आलेली माणसं फेटा बांधून कविता ऐकत बसलेली असतात. मराठी ही नुसती पेपरातल्या वीस मार्कांची गोष्ट नाही, हे मुलाला ते बघून कळतं.

आता कन्नड. शाळेतून काढलं म्हणजे कन्नड सुटलं, असं समजून काही घरं मनातून सुखावतात, हे मला माहीत आहे. आपल्या भागात या भाषेभोवती १९५६ पासूनचं दुखणं आहे, आमच्याही घरात आहे, सासरे त्यासाठी मोर्चांना गेलेले आहेत. तरीही मी हात जोडून सांगते, कन्नड सोडू नका. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत पहिली ते दहावी कन्नड शिकवणं सक्तीचं झालं आहे. उद्या मूल इथल्या कुठल्याही शाळेत परत गेलं, तर त्या तासाला ते कोरं बसेल. आणि कचेरी, बँक, बस, उतारा सगळं कन्नडमध्ये आहे.

उताऱ्याचंच सांगते. सासरे सातवीपर्यंत मराठीत शिकलेले. स्वतःच्या शेताचा उतारा हातात आला की ते चष्मा लावून बघायचे आणि घडी घालून ठेवायचे, वाचून घ्यायला कुणाकडं तरी जायचे. थोरली अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी तो कागद घेऊन त्यांच्याजवळ बसली. बोट ठेवून एकेक अक्षर लावत तिनं आधी सर्व्हे नंबर वाचला, मग एकर, गुंटे, मग त्यांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव. सासरे म्हणाले, "परत वाच बघू." तिनं परत वाचलं. मग दोघांनी चाळीस गुंठ्यांचा एकर धरून बांधापलीकडचा तुकडा त्यात आहे की नाही याचा हिशोब केला. तेव्हापासून कन्नडच्या तासाला आमच्या घरात कुणी नाक मुरडलं नाही.

शिकवायचं कसं? अक्षरांना घाबरू नका. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमानं जाते, क ख ग घ, च छ ज झ. आपली बाराखडी तशी त्यांची कागुणित. आपला ळ त्यांच्याकडंही आहे, त्यामुळं आपल्या मुलांची जीभ अडत नाही. अडतं ते ए आणि ओ पाशी, कारण कन्नडमध्ये या दोन्ही स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत. 'ऒंदु' म्हणजे एक, त्यातला ओ आखूड. 'ओदु' म्हणजे वाच, त्यातला ओ लांब. ही जोडी पहिल्या आठवड्यातच कानावर घाला. प, व आणि ष ही अक्षरं दिसायला जवळजवळ सारखी, ती एकदम तिन्ही शिकवू नका, महिन्याच्या अंतरानं घ्या. जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात.

पुस्तकाआधी बसच्या पाट्या. बेळगावच्या बसस्टँडवर अर्धा तास मुलाला घेऊन बसा. गावांची नावं त्याला तोंडपाठ असतात, त्यामुळं अक्षरं ओळखणं म्हणजे कोडं सोडवल्यासारखं होतं. धाकट्याला ओत्तक्षर समजलं ते निपाणीच्या बसवर. कन्नडमध्ये 'निप्पाणि' लिहितात, त्यात 'प'च्या खाली छोटा 'प' असतो. तो ओरडला, "आई, प'ला बाळ झालंय!"

बोलायला माणूस पाहिजे. आमच्या मागच्या गल्लीत एक कन्नड अज्जी राहतात. मी त्यांचे ब्लाउज शिवून देते आणि त्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस तासभर शेंगा सोलायला, पालेभाजी निवडायला बसवतात. धडा-बिडा काही नाही. 'बेकु' (पाहिजे), 'बेडा' (नको), 'एष्टु' (किती), 'सोप्पु' (पालेभाजी), 'कुडी नीरु' (पाणी पी) हे सगळं भाजी निवडताना आलं. मुलांना दोन भाषांतले सारखे शब्द शोधायला लावा, ते हौसेनं शोधतात: तूप आणि तुप्प, खिडकी आणि किटकि, अण्णा, अक्का.

इंग्रजीचा बाऊ करू नका. रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, तुम्ही एक ओळ, मूल एक ओळ. माझे उच्चार काही फार चांगले नाहीत, म्हणून आम्ही मोबाइलवर गोष्ट ऐकतो आणि पुस्तकात बोट फिरवतो. चार वर्षांत थोरली माझ्या पुढं गेली.

एका दिवसात तिन्ही भाषा लिहायला बसवू नका, एवढं मात्र पाळा. आमच्याकडं सोमवार-मंगळवार मराठी, बुधवार-गुरुवार कन्नड, शुक्रवार-शनिवार इंग्रजी लेखन. वाचन तिन्हींत रोज चालतं.

पुस्तकं

विकत घेत सुटू नका. महाराष्ट्राच्या बालभारतीची आणि कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तकं, दोन्ही इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. एनसीईआरटीचीही मिळतात. आम्ही गणित एका ठिकाणचं घेतो, विज्ञान दुसऱ्या. गावातल्या एखाद्या मुलाची जुनी पुस्तकं मागून आणा, तेवढ्यावर वर्ष निघतं.

नोंद ठेवा

प्रत्येक मुलाची एक जाड वही. रोज काय केलं त्याच्या तीन ओळी, महिन्याला एक मुलाच्या हातचं पान: निबंध, गणित, चित्र, काहीही, तारीख घालून. फोटो छापून चिकटवायला हवेत असं नाही. दारात आलेल्या माणसाला दाखवायला ही वही लागते, शाळेत परत घालताना लागते, आणि फेब्रुवारीच्या एखाद्या दिवशी 'पोरं काहीच शिकली नाहीत' असं वाटून तुम्ही रडवेल्या व्हाल, तेव्हा मागची पानं उलटायलाही लागते.

घरातली आणि दारातली माणसं

"पोरीला शाळेतनं काढलासा म्हणं?" हा प्रश्न नळावर, लग्नात, बसमध्ये, सगळीकडं येणार. लांबलचक समजावू नका. "घरी शिकवतोय, दहावी ओपनमधनं देणार," एवढं बास. (ओपन म्हणजे मुक्त विद्यालय, त्याचं शेवटी सांगते.)

सासूबाईंना हे पहिल्यांदा अजिबात पटलं नव्हतं. मुलगी आहे म्हणून शाळा सोडवली असं लोक म्हणतील, ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. आपल्या भागात मुलींची शाळा खरंच त्या कारणानं सुटते. त्यांना वाद घालून पटलं नाही. मी त्यांच्याकडं एक काम दिलं: दुपारी मुलांना जात्यावरच्या ओव्या सांगायच्या आणि थोरलीनं त्या लिहून घ्यायच्या. वही भरत गेली तशी त्यांची बाजू बदलली. आता लोकांना त्या स्वतःच उत्तर देतात.

मित्र-मैत्रिणींची काळजी सगळे करतात, आणि ती केलीच पाहिजे. घरात बसून मूल माणूसघाणं होऊ शकतं. पाच वाजता गावच्या मुलांत पाठवणं हे औषधासारखं रोज करा. मे महिन्यात विहिरीवर पोहायला पाठवा, पाठीला डबा बांधून, मोठं माणूस काठावर असताना. गणपतीत मंडळात, दिवाळीत किल्ला करणाऱ्या टोळीत, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या तयारीत आमची मुलं असतात. जवळपास अजून एखादं घर असं शिकवत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा मुलं एकत्र आणा.

महिन्यातून एक दिवस बाहेर

बसभाडं आणि डबा, एवढाच खर्च. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छताला काळ्या दगडात कोरलेलं कमळ आहे, मुलांना उताणं झोपून बघू द्या. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात त्या एकाच अधिवेशनाचे, आणि जमलेल्या माणसांच्या पाण्यासाठी ही विहीर खणली. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी हा धडा जास्त समजतो. येळ्ळूरचा राजहंसगड आम्हाला पायी चालत जाण्याजोगा आहे. आम्ही नंदगडलाही गेलो, जिथं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिलं, आणि कित्तूरलाही, राणी चेन्नम्मांच्या किल्ल्यात. इतिहास अर्धा शिकवू नका. इंग्रजांशी कोण लढलं हे विचारताना कुठल्या भाषेत लढलं हे विचारायचं नसतं.

सगळ्यात चांगली सहल खानापूर तालुक्यात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात महादयी उगम पावते, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात जाते. नकाशावर दोन्हींवर बोट फिरवा, मग प्रत्यक्ष न्या. पाणलोट म्हणजे काय हे परत सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तिकडं जाऊ नका, रस्ते खचतात आणि जळवा असतात. दिवाळीनंतर जा.

तुमचं स्वतःचं

दुपारी एक ते दोन माझा तास आहे. दार लोटलेलं असतं, मुलांना कारण असल्याशिवाय हाक मारायची मुभा नाही. पहिल्या वर्षी मी हा तास ठेवला नव्हता आणि दिवाळीपर्यंत माझा आवाज इतका चढला होता की धाकटा माझ्याजवळ वही घेऊन यायला बिचकायचा. रविवारी नवरा बघतो, अभ्यास, जेवण, सगळं. त्याच्या पद्धतीनं होतं आणि मी मधे बोलत नाही.

दहावी

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे. दहावीसाठी मुलाचं वय किमान चौदा पूर्ण लागतं. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पास व्हायला ३३ टक्के. त्याआधीच्या वयासाठी त्यांचे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे स्तरही आहेत. आम्ही ते घेतले नाहीत.

थोरलीनं मराठी, कन्नड, गणित, विज्ञान आणि गृहविज्ञान ठरवलं आहे. विज्ञानाला प्रात्यक्षिकं असतात, तेव्हा अभ्यासकेंद्र कुठलं मिळतंय, घरापासून किती लांब आहे, तिथं प्रयोगशाळा आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी स्वतः जाऊन बघून या. मी आणि ती गेल्या महिन्यात एक केंद्र बघून आलो, दुसरं या शनिवारी बघणार आहोत. बसच्या वेळा तिनंच पाटी वाचून लिहून आणल्या आहेत.